मोनोजेनेसिस म्हणजे नक्की काय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शब्दकोशात ‘मोनोजेनेसिस’ काढून पाहिला की एकाखाली एक तीन अर्थ सापडतात, आणि ते वाचून गोंधळ कमी होण्याऐवजी वाढतो. पहिला अर्थ म्हणतो, सगळी सजीवसृष्टी एकाच मुळापासून निघाली. दुसरा म्हणतो, जोडीदाराशिवाय एकट्या जीवाने केलेले प्रजनन. तिसरा म्हणतो, मधली वेगळी रूपे न घेता थेट आईबापांसारखे होणे. तिन्ही अर्थ खरे आहेत आणि तिन्ही वापरले गेले आहेत. जीवशास्त्र शिकवताना हा शब्द निघाला की जे प्रश्न हमखास विचारले जातात, ते इथे घेतले आहेत.

एकाच शब्दाला तीन अर्थ कसे काय चिकटले?

शब्द ग्रीक आहे. ‘मोनोस’ म्हणजे एकटा, एकमेव. ‘जेनेसिस’ म्हणजे उत्पत्ती, जन्म, घडण. हे दोन तुकडे जोडले की ‘एकातून उत्पत्ती’ एवढाच मोघम अर्थ हाती लागतो. उत्पत्ती कशाची आणि एक म्हणजे काय एक, हे शब्द सांगत नाही.

एकोणिसाव्या शतकात युरोपातले निसर्गअभ्यासक एकाच वेळी अनेक कोडी सोडवत होते. पेशी कुठून येते, प्राण्यांचे वंश कुठे जुळतात, समुद्रातले जीव पिढीआड रूप का बदलतात, पोटातले कृमी पोटात शिरतात कसे. प्रत्येकाला नवे शब्द हवे होते आणि ग्रीक भाषेचे कोठार सगळ्यांना खुले होते. त्यामुळे वेगवेगळ्या कोड्यांच्या उत्तरांना एकच नाव पडले.

यातून वाट काढायची माझी पद्धत अशी: विरुद्धार्थी शब्द शोधायचा. समोर ‘पॉलीजेनेसिस’ म्हणजे अनेक मुळे असतील, तर चर्चा वंशाच्या उगमाची आहे. समोर दोन जनकांचे लैंगिक प्रजनन असेल, तर चर्चा जनकांच्या संख्येची आहे. समोर ‘मेटाजेनेसिस’ म्हणजे पिढ्यांचे एकांतरण (दोन वेगळ्या रूपांच्या पिढ्या आलटूनपालटून येणे) असेल, तर चर्चा जीवनचक्रातल्या रूपांची आहे. एक मूळ, एक जनक की एकच प्रकारची पिढी? एवढे विचारले की बहुतेक वाक्ये उलगडतात.

मराठीत याला काय म्हणावे?

तिन्हींसाठी एकच प्रतिशब्द वापरू नये, असे माझे ठाम मत आहे. ‘एकजनन’ हा शब्द दिसायला सोपा आहे, पण तो इंग्रजीतला घोळ जसाच्या तसा मराठीत आणतो. पहिल्या अर्थासाठी ‘एकोद्भव’ किंवा सरळ ‘एकाच मुळापासून उत्पत्ती’, दुसऱ्यासाठी रूढ असलेले ‘अलैंगिक प्रजनन’ आणि तिसऱ्यासाठी ‘थेट विकास’ म्हटले की वाचणाऱ्याला वेगळे काही समजावावे लागत नाही. आपल्या भाषेत वेगळे शब्द आहेत, तर ते वापरावेत.

सगळी सजीवसृष्टी एकाच मुळापासून आली, हे सिद्ध झाले आहे की नुसता अंदाज आहे?

डार्विनने १८५९ साली लिहिले तेव्हा तो तर्क होता. पृथ्वीवर जगलेले सगळे जीव बहुधा कुठल्यातरी एकाच आदिम रूपापासून आले असावेत, असे त्याने सावधपणे मांडले. त्याच्याकडे पुरावा होता तो शरीररचनेचा, जीवाश्मांचा आणि प्राणी-वनस्पतींच्या भौगोलिक पसरणीचा. पेशीच्या आत काय चालते, हे तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हते.

आज आपण आत पाहू शकतो, आणि तिथे दिसणारे साम्य थक्क करणारे आहे. जिवाणू, बुरशी, गवत, देवमासा आणि माणूस या सगळ्यांच्या पेशींत सूचना डीएनएमध्ये लिहिलेल्या असतात. त्या तीन-तीन अक्षरांच्या गटांत वाचल्या जातात. असे ६४ गट होतात आणि त्यांतून प्रामुख्याने तीच २० अमिनो आम्ले निवडली जातात. कुठला गट कुठले अमिनो आम्ल मागवतो, हा तक्ताही जवळजवळ सगळीकडे सारखाच आहे. वाचन करणारे यंत्र म्हणजे रायबोसोम, तेही सगळ्यांकडे. ऊर्जेचे चलन एटीपी, तेही सगळ्यांकडे. अमिनो आम्ले डावी आणि उजवी अशा दोन प्रतिबिंबरूपांत असू शकतात, पण प्रथिने बांधायला सगळ्यांनी डावीच निवडली आहेत.

यातल्या काही गोष्टी रसायनशास्त्राच्या सक्तीने सारख्या झाल्या असतील, असे म्हणता येईल. पण तीन अक्षरांचा तो तक्ता बराच वेगळा असता तरी पेशी चालली असती. काही ठिकाणी तो थोडा वेगळा आहेसुद्धा. आपल्याच पेशीतल्या तंतुकणिकेत (मायटोकाँड्रियात) ‘थांबा’ सांगणारा एक गट ट्रिप्टोफॅन हे अमिनो आम्ल मागवतो. म्हणजे तक्ता बदलू शकतो, तरीही तो सगळीकडे जवळपास एकच आहे. याचे सर्वांत सरळ स्पष्टीकरण वारसा हेच आहे.

मला सर्वांत पटणारा पुरावा मात्र औषधाचा आहे. १९७८ साली माणसाच्या इन्सुलिनची सूचना देणारे जनुक रसायनांपासून तयार करून ई. कोलाय या जिवाणूत घालण्यात आले, आणि जिवाणूने ते वाचून इन्सुलिनचे प्रथिन बनवले. १९८२ पासून असे इन्सुलिन रुग्णांना मिळू लागले. माणूस आणि जिवाणू यांचे वंश अब्जावधी वर्षांपूर्वी वेगळे झाले, तरी एकाचे लिखाण दुसऱ्याला वाचता येते. मधुमेहाच्या रुग्णाने टोचून घेतलेला तो प्रत्येक डोस या एकोद्भवामुळेच शक्य झाला आहे.

२०१० साली डग्लस थिओबाल्ड यांनी सर्व सजीवांत आढळणाऱ्या प्रथिनांवर संख्याशास्त्रीय कसोटी लावली. एकच सामाईक पूर्वज मानणारे प्रारूप अनेक स्वतंत्र पूर्वज मानणाऱ्या प्रारूपांपेक्षा कितीतरी वरचढ ठरले. त्यांच्या पद्धतीवर टीका झाली आणि ती व्हायलाही हवी होती. मूळ निष्कर्ष मात्र इतर पुराव्यांशी जुळणाराच आहे.

मग ती सामाईक पूर्वज पेशी म्हणजेच पृथ्वीवरचा पहिला जीव?

नाही. हा सर्वांत जास्त होणारा गैरसमज आहे, म्हणून जरा थांबून सांगतो.

त्या पूर्वजाला ‘लुका’ म्हणतात. हे त्याच्या लांब इंग्रजी नावातल्या आद्याक्षरांचे रूप आहे आणि त्या नावाचा अर्थ होतो ‘सर्वांचा शेवटचा सामाईक पूर्वज’. यात ‘शेवटचा’ हा शब्द महत्त्वाचा आहे. आज जिवंत असलेल्या सगळ्यांच्या वंशरेषा मागे मागे नेल्या तर त्या जिथे पहिल्यांदा एकत्र येतात, ते हे ठिकाण. त्याच्याही मागे पूर्वज होते. त्याच्या शेजारी इतर जीवही जगत होते, फक्त त्यांचे वंश पुढे टिकले नाहीत.

२०१६ साली विल्यम मार्टिन यांच्या गटाने लुकापर्यंत मागे जाणारी ३५५ प्रथिनकुटुंबे शोधली आणि त्यांवरून प्राणवायूविना, उष्ण जागी, हायड्रोजनवर जगणाऱ्या जीवाचे चित्र उभे केले. २०२४ सालच्या एका अभ्यासाने लुकाचा काळ सुमारे ४२० कोटी वर्षांपूर्वीचा ठरवला. लुका एकटा नव्हता, जीवांच्या एका समुदायात राहत होता, असेही त्याच अभ्यासात मांडले आहे. पृथ्वीचे वय सुमारे ४५४ कोटी वर्षे आहे, हे लक्षात घेतले तर हा आकडा किती मागचा आहे ते जाणवेल.

म्हणून ‘आज जिवंत असलेले सगळे एका मुळाचे आहेत’ आणि ‘जीव एकदाच निर्माण झाला’ ही दोन वेगळी विधाने आहेत. पहिल्याला भक्कम आधार आहे. दुसऱ्याबद्दल तसे ठामपणे म्हणता येत नाही, कारण जे वंश मागमूस न ठेवता संपले ते आजच्या जनुकांत दिसणारच नाहीत. शिवाय जिवाणू आपापसांत जनुकांची देवघेव करतात, त्यामुळे मुळाजवळचा भाग सरळ खोडासारखा नसून एकमेकांत गुंतलेल्या पारंब्यांसारखा आहे.

सजीवांच्या सगळ्याच गोष्टी एकदाच उगम पावल्या का?

नाही, आणि म्हणूनच ‘एकोद्भव’ हा प्रश्न प्रत्येक गोष्टीबाबत वेगळा विचारावा लागतो. तंतुकणिका एकदाच आली. एका पेशीने दुसरा जिवाणू पोटात घेतला, तो पचला नाही, आत राहिला, आणि त्याचे वंशज आजही प्राणी, वनस्पती, बुरशी सगळ्यांच्या पेशींत आहेत. डोळा मात्र पुन्हा पुन्हा घडला. ऑक्टोपसचा डोळा आणि आपला डोळा रचनेने आश्चर्य वाटावे इतके सारखे आहेत, पण ते स्वतंत्रपणे तयार झाले. कणा असलेल्या प्राण्यांत उड्डाण तीनदा आले: टेरोसॉर, पक्षी आणि वटवाघूळ. बहुपेशीय शरीरही एकदाच घडलेले नाही.

दुसरा अर्थ समजावून सांगाल? एकट्या जीवाचे प्रजनन म्हणजे कोणकोणते प्रकार?

शाळेत शिकलेलेच आहेत. अमीबाचे द्विविभाजन, यीस्ट आणि हायड्राचे कलिकायन, स्पायरोगायराचे खंडीभवन, बटाट्याच्या डोळ्यातून नवे रोप. अर्न्स्ट हेकेलने १८६६ साली या सगळ्यांना ‘मोनोगोनिया’ असे एकत्रित नाव दिले आणि समोर दोन जनकांच्या प्रजननासाठी ‘अँफिगोनिया’ ठेवले. जुन्या कोशांत ‘मोनोजेनेसिस’चा हा अर्थ हेकेलच्या नावावर दिलेला दिसतो. आजच्या पुस्तकांत मात्र सरळ अलैंगिक प्रजनन म्हणतात, आणि तेच बरे.

अनिषेकजनन म्हणजेच मोनोजेनेसिस का?

इथे मते फुटतात. अनिषेकजननात अंडपेशी असते, म्हणजे लैंगिक अवयव असतात, पण शुक्रपेशीशिवाय ती अंडपेशी वाढू लागते. जनक एकच, म्हणून काहीजण त्याला मोनोजेनेसिसमध्ये धरतात. काहीजण म्हणतात की अंडपेशी हे लैंगिक प्रजननाचे साधन आहे, म्हणून हे लैंगिक प्रजननाचेच एक सुटे रूप. मी दुसऱ्या बाजूचा आहे. हायड्राच्या अंगावर उमललेली कळी आणि अंड्यातून बापाविना जन्मलेले पिल्लू यांच्या घडणीत फार मोठा फरक आहे, आणि तो नावातच दिसायला हवा.

पण या विषयाची सुरुवात मात्र सांगायलाच हवी. १७४० साली जिनिव्हातल्या वीस वर्षांच्या शार्ल बोनेने नुकतीच जन्मलेली माव्याची एक मादी एकटी बंद करून ठेवली. तिच्यापर्यंत नर पोहोचणे शक्य नव्हते. दिवसच्या दिवस भिंग लावून तो तिच्याकडे पाहत बसला. मोठी झाल्यावर त्या मादीने ९५ पिल्ले दिली. नराशिवाय प्रजनन होऊ शकते हे इतक्या काळजीपूर्वक दाखवणारा हा पहिलाच प्रयोग. मोठ्या प्रयोगशाळा नसताना, निव्वळ चिकाटीच्या जोरावर एका तरुणाने हे केले, याचे मला आजही अप्रूप वाटते.

कणा असलेल्या प्राण्यांतही हे घडते. २००६ साली इंग्लंडमधल्या दोन प्राणिसंग्रहालयांतल्या कोमोडो ड्रॅगनच्या माद्यांनी नराशिवाय अंडी घातली आणि त्यांतून पिल्ले निघाली, असे जनुकीय तपासणीने दाखवले. या जातीत मादीची लिंगगुणसूत्रे दोन वेगळी असतात आणि नराची दोन सारखी. अंडपेशीतला एकच गुणसूत्रसंच दुप्पट झाला की जगणारे पिल्लू नरच निघते.

मग सस्तन प्राण्यांत हे आपोआप का होत नाही?

कारण आपल्या काही जनुकांवर ‘आईकडून आलेले’ किंवा ‘बापाकडून आलेले’ अशी रासायनिक खूण असते. काही जनुके फक्त बापाकडची चालतात, काही फक्त आईकडची. दोन्ही प्रती आईकडच्या असल्या तर बापाकडून अपेक्षित असलेली काही कामे होतच नाहीत आणि गर्भ टिकत नाही. २००४ साली टोकियोतल्या संशोधकांनी जनुकांत बदल करून, दोन वेगळ्या अंडपेशींचा संच एकत्र आणून बापाशिवाय एक उंदरीण जन्माला घातली. तिचे नाव कागुया. शेकडो प्रयत्नांत मोठी होऊ शकलेली ती एकटी, आणि तीही दोन आयांची मुलगी. म्हणजे दुसऱ्या अर्थाने हे मोनोजेनेसिस नव्हतेच.

जनक एकच असेल तर प्रजनन अलैंगिक, असे धरून चालावे का?

धरू नका. पट्टकृमी उभयलिंगी असतो आणि स्वतःच्या अंड्यांचे स्वतःच फलन करू शकतो. वाटाण्याच्या फुलातही स्वपरागण होते. जनक एकच, पण शुक्रपेशी आणि अंडपेशी दोन्ही आहेत, अर्धसूत्री विभाजन आहे, फलनही आहे. हे पूर्णपणे लैंगिक प्रजनन. जुन्या व्याख्येतले ‘एकच जनक लागतो’ हे वाक्य इथे तोकडे पडते.

तिसरा अर्थ, ‘थेट विकास’, हा कुठून आला?

समुद्रातून, असे म्हणायला हरकत नाही. आडेलबर्ट फॉन शामिसो हा कवी आणि निसर्गअभ्यासक १८१५ ते १८१८ या काळात ‘रुरिक’ या रशियन जहाजावरून जगप्रवासाला गेला होता. तिथे त्याने साल्प नावाचे पारदर्शक, पिंपासारखे समुद्री प्राणी पाहिले. काही एकटे तरंगत, काही लांब साखळीने जोडलेले. दोन्ही वेगळ्या जाती मानल्या जात. शामिसोच्या लक्षात आले की एकट्या साल्पच्या पोटातून साखळी निघते, आणि साखळीतला प्रत्येकजण एकट्या साल्पला जन्म देतो. मुलगी आईसारखी नसते, आजीसारखी असते. हे त्याने १८१९ साली प्रसिद्ध केले तेव्हा फार लोकांचा विश्वास बसला नाही. १८४२ साली डॅनिश प्राणिशास्त्रज्ञ यापेटुस स्टीनस्ट्रुप याने अशी अनेक उदाहरणे गोळा करून पिढ्यांच्या एकांतरणाची कल्पना पक्की केली.

एकदा हे एकांतरण मान्य झाले, की ज्यांच्यात ते नाही अशांसाठी उलट शब्द लागणारच. आईसारखीच मुलगी, मधली दुसऱ्या प्रकारची पिढी नाही, हे मोनोजेनेसिस.

जेलीफिशमध्ये दोन्ही प्रकार शेजारी शेजारी पाहता येतात. ऑरेलिया या जेलीफिशच्या अंड्यातून छोटी अळी निघते, ती तळाला चिकटून एक बारीक पॉलिप होते. पॉलिप आडवा चकत्या पडल्यासारखा विभागत जातो आणि प्रत्येक चकती सुटून नवा जेलीफिश होते. लैंगिक पिढी, अलैंगिक पिढी, पुन्हा लैंगिक. पेलागिया या जेलीफिशने मात्र हा मधला मुक्काम टाकून दिला आहे. तिच्या अंड्यातली अळी पॉलिप न होता सरळ छोट्या जेलीफिशमध्ये बदलते. तळाचा आधार लागत नाही, म्हणून ती खुल्या समुद्रात, किनाऱ्यापासून दूरही राहू शकते.

फुलपाखराची अळी होते, कोष होतो, मग तेही मेटाजेनेसिस का?

नाही. अळी, कोष आणि फुलपाखरू हा एकच जीव आहे. तो रूप बदलतो, पण मध्ये प्रजनन करत नाही. याला रूपांतरण म्हणतात. ऑरेलियाच्या बाबतीत पॉलिप हा एक जीव आणि त्यातून सुटलेले जेलीफिश हे दुसरे जीव, एका पॉलिपमागे कित्येक.

जुन्या कोशांतल्या व्याख्येत ‘रूपांतरणाशिवाय थेट विकास’ आणि ‘मेटाजेनेसिसच्या उलट’ ही दोन्ही टोके एकाच वाक्यात बांधलेली सापडतात. ती सोडवून वाचावी लागतात. कसर हा जुन्या पुस्तकांत राहणारा कीटक अंड्यातून बाहेर येतो तोच मोठ्या कसरीची छोटी प्रत म्हणून. पोर्तो रिकोमधला कोकी बेडूक जमिनीवर अंडी घालतो आणि त्यांतून शेपटीवाला टॅडपोल न निघता चार पायांचा इवलासा बेडूक निघतो. हे रूपांतरण गाळलेले थेट विकास. पेलागियाने गाळली ती मधली पिढी. आणि फुलपाखरू? त्याच्यात रूपांतरण आहे, पण पिढ्यांचे एकांतरण नाही.

‘मोनोजीनिया’ नावाचे कृमी असतात, त्यांचा या शब्दाशी संबंध आहे का?

थेट संबंध आहे, आणि माझ्या मते या शब्दाचा सर्वांत जिवंत वापर आज तिथेच उरला आहे.

पिएर-जोसेफ फान बेनेडेन हे बेल्जियममधल्या लूवेनचे प्राणिशास्त्रज्ञ. परजीवी कृमींवरचे त्यांचे मोठे काम १८५८ साली प्रसिद्ध झाले. चपट्या चूषक कृमींचे त्यांनी दोन भाग केले. एका भागातले कृमी अंडी घालतात, अंड्यातून अळी निघते, तीच वाढून मोठा कृमी होते. एकच पोशिंदा (कृमी ज्याच्यावर जगतो तो प्राणी), एकच प्रकारची पिढी. हे मोनोजेनेटिक. दुसऱ्या भागातले कृमी मधल्या पोशिंद्यात शिरून तिथे आणखी पिढ्या काढतात. हे डायजेनेटिक.

गुरामेंढ्यांच्या यकृतात राहणारा फॅसिओला हा डायजेनेटिक. त्याच्या अंड्यातली अळी पाण्यातल्या गोगलगाईत शिरते. तिथे तिची एक पिशवी होते, पिशवीत दुसऱ्या प्रकारच्या अळ्या होतात, त्यांच्यात तिसऱ्या प्रकारच्या शेपटीवाल्या अळ्या होतात, त्या बाहेर पडून गवतावर कवच करून बसतात आणि चरणाऱ्या जनावराच्या पोटात जातात. एका अंड्यातून शेवटी शेकडो अळ्या. हे चक्र १८८०च्या दशकाच्या सुरुवातीला रुडॉल्फ लॉयकार्ट आणि ए. पी. थॉमस यांनी स्वतंत्रपणे उलगडले.

मोनोजीनियाचे आयुष्य त्यामानाने सरळ. बहुतेक माशांच्या कल्ल्यांवर किंवा कातडीवर राहतात. मागच्या टोकाला आकड्यांची चकती असते, तिने घट्ट धरतात. अंड्यातली अळी अंगावरच्या केसाळ पट्ट्यांनी पोहते आणि थोड्याच वेळात तिला योग्य मासा सापडला नाही तर ती मरते. काही बेडकांच्या मूत्राशयात राहतात आणि बेडूक प्रजननासाठी पाण्यात उतरला की त्याच सुमाराला अंडी घालतात. एक तर पाणघोड्याच्या डोळ्यावर राहतो. सस्तन प्राण्यावर राहणारा माहीत असलेला हा एकमेव मोनोजीनियन.

डिप्लोझून नावाच्या जातीत दोन अळ्या माशाच्या कल्ल्यावर भेटतात, एकमेकींना चिकटतात आणि त्यांची शरीरे कायमची जुळतात. जोडीदार भेटला नाही तर ती अळी मोठी होतच नाही. मोनोजेनेटिक म्हटल्यावर ‘एकट्याने पुनरुत्पादन’ समजणाऱ्यांना हे उदाहरण मी आवर्जून देतो. या नावातला ‘एक’ पिढीच्या प्रकाराचा आहे, जोडीदाराशी त्याचा काही संबंध नाही.

मोनोजीनियामध्ये अलैंगिक प्रजनन होतच नाही का?

एक अपवाद असा आहे की तो सगळी चौकटच हलवतो. गायरोडॅक्टिलस हा अर्धा ते एक मिलिमीटरचा कृमी अंडी घालत नाही, पिल्लाला जन्म देतो. त्या पिल्लाच्या पोटात जन्माआधीच दुसरे पिल्लू वाढत असते, आणि कधी कधी त्याच्याही आत तिसरे. पहिले पिल्लू अलैंगिक पद्धतीने तयार होते, दुसरे सहसा अनिषेकजननाने, आणि पुढची पिल्ले लैंगिक मार्गानेही होऊ शकतात. म्हणजे तिसऱ्या अर्थाने मोनोजेनेटिक म्हणून नोंदलेला कृमी दुसऱ्या अर्थाचे मोनोजेनेसिसही करतो. पोशिंदा मात्र एकच.

या वेगाचे परिणाम भयंकर आहेत. गायरोडॅक्टिलस सॅलारिस ही जात १९७०च्या दशकात नॉर्वेच्या नद्यांत पोहोचली. बाल्टिक समुद्राकडच्या सॅमन माशांना तिची सवय होती, नॉर्वेतल्या अटलांटिक सॅमनला नव्हती. कितीतरी नद्यांतले लहान सॅमन जवळजवळ नाहीसे झाले. मधला पोशिंदा नसल्यामुळे साखळी तोडायला दुसरी जागाच नव्हती, म्हणून काही नद्यांत रोटेनोन हे विष सोडून सगळे मासे मारायची आणि नदी पुन्हा वसवायची वेळ आली. जीवनचक्राची ही वर्गवारी नुसती पुस्तकी नाही, हे इतके कठोरपणे दाखवणारे दुसरे उदाहरण मला ठाऊक नाही.

माझे शरीरही एकाच पेशीपासून झाले, मग तेही मोनोजेनेसिस का?

शब्दार्थाने हो, पारिभाषिक अर्थाने नाही. माणसाच्या शरीरात सुमारे ३० ते ३७ लाख कोटी पेशी असतात आणि त्या सगळ्या एका युग्मनजापासून म्हणजे फलित अंडपेशीपासून आलेल्या असतात. १८५५ साली रुडॉल्फ फिर्खोने ‘प्रत्येक पेशी पेशीपासूनच’ हे सूत्र मांडले, ते इथे तंतोतंत लागू पडते.

पण शरीर घडवायचा हा एकच मार्ग नाही. डिक्टिओस्टेलियम हा मातीतला जीव एरवी सुट्या पेशींनी जगतो. अन्न संपले की हजारो पेशी एकत्र येऊन एक छोटासा सरपटणारा गोळा करतात, आणि शेवटी त्याचा देठ होतो व टोकाला बीजाणू. देठातल्या पेशी मरतात, बीजाणूंच्या जगतात. वेगवेगळ्या वंशांच्या पेशी एकत्र आल्या तर देठात कोणी जायचे यावरून फसवणूक होते, काही वंश आपला वाटा टाळतात. एका पेशीतून वाढलेल्या शरीरात सगळ्या पेशी एकाच वंशाच्या, त्यामुळे हा झगडा मुळातच कमी. प्राणी आणि वनस्पती दर पिढीला पुन्हा एका पेशीपर्यंत मागे का जातात, याच्या कारणांपैकी हे एक महत्त्वाचे कारण मानले जाते.

माणसांच्या बाबतीत हा शब्द वेगळ्या अर्थाने वाचला आहे. तो काय?

मानवजात एकाच उगमाची की निरनिराळे वंश वेगवेगळे उत्पन्न झाले, हा अठराव्या-एकोणिसाव्या शतकातला वाद. अनेक उगम मानणाऱ्यांच्या मताचा गुलामगिरीच्या समर्थनासाठी उघडउघड वापर झाला, हे विसरता कामा नये. आज हा वाद संपला आहे. सगळी माणसे एकाच जातीची आहेत आणि तिची पाळेमुळे आफ्रिकेत आहेत. मोरोक्कोतल्या जेबेल इर्हूद इथले अवशेष सुमारे तीन लाख वर्षांपूर्वीचे आहेत.

मात्र इथेही ‘एक’ म्हणजे एक जोडपे नव्हे. १९८७ साली तंतुकणिकांच्या डीएनएवरून जिचा माग काढला गेला, ती सुमारे दोन लाख वर्षांपूर्वीची आफ्रिकी स्त्री काही तेव्हाची एकमेव स्त्री नव्हती. आईकडून मुलीकडे अशी अखंड रेषा आज सगळ्यांपर्यंत पोहोचली ती तिची, एवढाच त्याचा अर्थ. आपल्या बाकीच्या जनुकांत तिच्या काळातल्या हजारो माणसांचा वाटा आहे, आणि आफ्रिकेबाहेरच्या लोकांत निअँडरथलांचाही थोडा.

भाषाशास्त्रातही ‘मोनोजेनेसिस’ म्हणतात ना?

म्हणतात. सगळ्या भाषा एका आदिभाषेपासून आल्या, असा तो विचार. आल्फ्रेदो त्रोम्बेत्ती याने १९०५ साली तो हिरिरीने मांडला. बहुतेक भाषाशास्त्रज्ञांना तो मान्य नाही, कारण काही हजार वर्षांपलीकडे शब्दांतले खरे नाते आणि योगायोगाचे साम्य वेगळे करता येत नाही. डीएनएसारखा तक्ता भाषेकडे नाही.

मोनोजेनिक, मोनोफायलेटिक, मोनोझायगोटिक हे सगळे त्यातलेच का?

भावंडे आहेत, पण प्रत्येकाचे काम वेगळे. मोनोजेनिक म्हणजे एकाच जनुकामुळे ठरणारे. सिकलसेल आजारात हिमोग्लोबिनच्या जनुकातले एक अक्षर बदलते आणि ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलीन येते. याला मराठीत ‘एकजनुकीय’ असा नेमका शब्द आहे. मोनोफायलेटिक म्हणजे एका पूर्वजाचे सगळे वंशज मिळून झालेला गट. वर्गीकरण करणारे ‘एकोद्भव’ ही कल्पना आज याच शब्दाने मांडतात. मोनोझायगोटिक म्हणजे एका युग्मनजाचे दोन भाग होऊन झालेली जुळी. नऊ पट्ट्यांच्या आर्माडिलोला तर दर वेळी अशी चार सारखी पिल्ले होतात.

आणि सर्वांत फसवा शब्द ‘मोनोगोनोंटा’. रोटिफर नावाच्या सूक्ष्म जलचरांचा हा एक वर्ग. हेकेलच्या ‘मोनोगोनिया’शी नाव इतके मिळतेजुळते की अलैंगिक प्रजनन करणारा गट असावा असे वाटते. प्रत्यक्षात नावाचा अर्थ ‘एकच जननग्रंथी असलेले’ एवढाच. परिस्थिती चांगली असताना त्यांच्या माद्या अनिषेकजननाने माद्याच जन्माला घालत राहतात. गर्दी वाढली किंवा ऋतू पालटला की छोटे, घाईत जगणारे नर जन्मतात, मीलन होते, आणि त्यातून जाड कवचाची अंडी तळाशी जाऊन बसतात, कधी कधी अनेक वर्षे.